भाऊंच्या डब्या

शीतल खोलीत आली की भाऊंचं हृदय उडी मारायचं. मी आले की ढिम्म.

हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. टेबलावरच्या पडद्यावरची हिरवी रेष मी स्वतःच्या डोळ्यांनी बघत होते. शीतल म्हणजे भाऊंची देखभाल करणारी बाई, मेढ्याकडची, आमच्याकडे येऊन जेमतेम वर्ष झालेली. तिची चप्पल दारात वाजली की रेष उसळायची. आणि मी, वृषाली कणसे, प्रल्हाद कणशांची एकुलती एक मुलगी, पुण्याहून रजा काढून आलेली, समोर जाऊन उभी राहिले तर रेष सपाट. मी बाहेर जाऊन पुन्हा आत आले. कपडे बदलून आले. शाळेत असताना घालायचे तशा दोन वेण्या घालून आले, वयाच्या पन्नाशीत. भाऊ आपले खिडकीबाहेरच्या शेवग्याकडे बघत बसलेले.

त्यांनी मला नावाने हाक मारणं कधीच थांबलं होतं. विस्मरणाचा आजार आधी नावं खातो, मग चेहरे, हे डॉक्टरांनी नीट समजावलं होतं आणि मी ते समजूतदारपणे ऐकून घेतलं होतं. तोंडाने ओळख नाही, ठीक. पण आत कुठेतरी मी उरले आहे की नाही, एवढंच मला बघायचं होतं. इतर मुलींना ते बघता येत नाही, नशिबावर सोडून द्यावं लागतं. माझ्याकडे यंत्र होतं, आणि यंत्र सांगत होतं, नाही.

यंत्राचं नाव हिरकणी. पुण्यातल्या आमच्या छोट्या कंपनीत ते तयार झालं आणि त्यातला बराचसा भाग माझा आहे, म्हणून त्याच्यावर अविश्वास दाखवणं मला आणखीच जड होतं. काड्यापेटीएवढी डबी. तिच्यात प्रयोगशाळेत वाढवलेला हिऱ्याचा एक कण. हिरा म्हणजे कार्बनच्या अणूंची शिस्तीत लावलेली रांग. त्या रांगेतला एक अणू काढून टाकायचा आणि शेजारच्या जागी नायट्रोजनचा अणू बसवायचा. अशा जागेवर हिरवा प्रकाश टाकला की ती लाल चमकते, आणि आसपासचं चुंबकीय क्षेत्र जरा जरी बदललं तरी ती चमक कमीजास्त होते. आता माणसाचं हृदय प्रत्येक ठोक्याला थोडी वीज खेळवतं, आणि वीज आली की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र आलंच. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दहा लाखाव्या हिश्शाइतकं ते क्षीण असतं. पूर्वी ते मोजायला अख्खी खोली भरेल एवढं यंत्र लागायचं. हिरकणी ते हातभर अंतरावरून, सदऱ्यावरून मोजते. पृथ्वीचं, विजेच्या तारांचं, रस्त्यावरच्या गाड्यांचं क्षेत्र वजा करते आणि उरलेलं हृदय पडद्यावर काढून दाखवते. हृदयरोग्यांसाठी केलं होतं आम्ही ते. बापाच्या मनात आपली जागा किती, हे मोजण्यासाठी केलेलं नव्हतं.

तेवढ्यात हेमंतदादा आला, आणि प्रकरण वाढलं.

हेमंतदादा आमच्या आळीतला. बॅटऱ्यांचं दुकान आहे त्याचं, पण ते नावाला. खरा धंदा म्हणजे सातारा डबा मंडळाचं अध्यक्षपद. साताऱ्याबाहेरच्यांना हे डब्यांचं प्रकरण सांगावं लागतं. कुणीतरी एक लहानशी डबी सार्वजनिक जागेत लपवायची, तिच्या जागेचे अक्षांश-रेखांश जगाला सांगायचे, आणि लोकांनी उपग्रहाच्या मदतीने ती शोधून, आतल्या चिठोऱ्यावर सही करून जशीच्या तशी परत ठेवायची. जगभर हा खेळ चालतो. पुढे उपग्रह इतके नेमके झाले की मोबाइल सांगायचा, डावीकडची दुसरी वीट. मग शोधायचं काय, कपाळ? तेव्हा नियम बदलला. लपवणाऱ्याने फक्त गल्ली सांगायची. नेमकी जागा त्याच्या एकट्याच्या डोक्यात.

साताऱ्याने त्यात स्वतःची भर घातली. लहानपणी डबा ऐसपैस खेळलेलं गाव आहे हे. इथे लपवणाऱ्याने शोधणाऱ्यांच्या सोबत चालायचं अशी पद्धत पडली. सगळ्यांनी मिळून चहा प्यायचा, गप्पा मारायच्या, गल्लीतून चार फेऱ्या घालायच्या, आणि शोधणाऱ्यांनी त्याच्या चेहऱ्यावरून ताडायचं. लपवणाऱ्याने काही म्हणजे काही दाखवायचं नाही. याला नुसतं 'सोबत' म्हणतात. सोबत बघायला बाहेरगावाहून लोक येतात.

आणि हे सगळं सुरू केलं भाऊंनी. पोवई नाक्यावर त्यांचा फोटो स्टुडिओ होता. कॅमेऱ्यातले रोळ बंद झाले तेव्हा रोळाच्या रिकाम्या काळ्या डब्यांचं एक पोतं त्यांच्याकडे उरलं. टाकवत नव्हतं. आईने पोतं जिन्याखालून काढायला लावलं तसे ते एकेक डबी खिशात घालून बाहेर पडायला लागले. लोक हसले, मग शोधायला लागले, मग स्वतः लपवायला लागले. दगडी भिंती, पायऱ्या, हौद, आणि निवृत्त माणसं, या चारही गोष्टी साताऱ्यात मुबलक. आता सर्वांत जास्त डब्या असलेल्या शहरांच्या जागतिक यादीत सातारा पहिला होता, आणि चेक लोकांचं प्राग अगदी मागे लागलेलं.

"अगं, निसटतंय," हेमंतदादा खुर्चीच्या कडेवर बसत म्हणाला. "वर्षातनं एकदा ज्यानं त्यानं आपली डबी उघडून आत नवं चिठोरं ठेवायचं असतंय. न्हाई ठेवलं की डबी बाद. ह्या महिनाअखेरीला भाऊंच्या सगळ्या बाद होत्यात. मग प्राग वर, आपण खाली."

"दादा, भाऊंना स्वतःचं नाव आठवत नाही. डब्या कुठून आठवतील?"

"त्यांना नको आठवू दे. त्यांच्या छातीला आठवंल." त्याने हिरकणीकडे बोट केलं. "तुझं हे मशीन तेच बघतंय न्हवं? भाऊंना गल्लीगल्लीतनं फिरवायचं. जिथं छाती उडंल तिथं डबी."

मला राग आला, कारण तो बरोबर होता. आठवण मेंदूत एकाच कप्प्यात नसते. काय, कुठे, कधी हे एका भागात; भीती, ओढ, धाकधूक दुसऱ्याच. पहिला भाग झिजला तरी दुसरा पुष्कळ दिवस तग धरतो. ओळख पटत नसलेल्या माणसालाही ओळखीच्या चेहऱ्यासमोर घाम फुटतो, हे फार पूर्वी सिद्ध झालंय. त्याच विश्वासावर तर मी दोन वेण्या घालून उभी राहिले होते.

"आयुष्यात एकदा तरी भाऊंची एक डबी माझ्या हाताला लागावी," हेमंतदादा भाऊंकडे बघत म्हणाला. "सोबतीला त्यांचं मनगट धरून चाललोय मी, नाडी बघत. पठ्ठ्यानं कधी पत्ता लागू दिला न्हाई."

भाऊ शेवग्याकडे बघत होते. मी हो म्हटलं. साताऱ्याच्या पहिल्या नंबराचं मला काही पडलं नव्हतं. रोळाच्या डब्यांना भाऊंच्या आत जागा आहे आणि मला नाही, हे एकदा नीट कळलं असतं म्हणजे मी पुण्याला जायला मोकळी झाले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. मध्ये भाऊ, एका बाजूला शीतल त्यांचा दंड धरून, दुसऱ्या बाजूला मी हातात हिरकणी घेऊन, मागे हेमंतदादा आणि मंडळाची चार पोक्त माणसं. रेष वर गेली की हिरकणी टुण वाजेल असं मी करून ठेवलं होतं.

मोती चौकातल्या पेढ्यांच्या दुकानासमोर पहिली टुण वाजली. मंडळी दुकानाच्या फळीखाली वाकली.

"आवं हेमंतशेठ, बोहनीच्या टायमाला काय उकरताय?" दुकानदार गल्ल्यावरून ओरडला.

काही सापडलं नाही. पुढे एका फाटकाशी टुण. आतून कुत्रं अंगावर आलं. मग एक स्कूटर हॉर्न मारत गेली तेव्हा. मग शनिवार पेठेतल्या एका मोरीशी, जिथे शीतलने त्यांना "उचला पाय, भाऊ" म्हणून दंडाला ओढलं. हेमंतदादाने त्या मोरीचे दोन दगड काढले, हात खांद्यापर्यंत आत घातला, आणि चिखलाने भरलेला तसाच बाहेर काढला. मंगळवार तळ्याच्या पायऱ्यांवर आम्ही दम खायला बसलो तेव्हा हिरकणी एकदाही वाजली नाही, म्हणून तिथे कुणी शोधलंही नाही. दुपारपर्यंत सगळे घामाघूम झाले. हाती काही लागलं नाही.

परत येताना मी मनाशी हिशेब करत होते आणि तो फार वाईट हिशेब होता. पेढ्याच्या दुकानाला उडी. कुत्र्याला उडी. स्कूटरला उडी. मला नाही.

घरी आल्यावर तो राग मी शीतलवर काढला. ती भाऊंचे पाय धूत होती.

"तुला बघून एवढा आनंद होतो त्यांना," मी म्हटलं. "मग मी कशाला येते इथे? तूच बघ सगळं."

शीतलने मान वर केली. तिला कळेना मी काय बोलतेय. "आनंद?"

मी तिला पडद्यावरच्या सगळ्या उड्या दाखवल्या, तिच्या नावाच्या. ती ओल्या हातांनी बघत राहिली.

"ताई, मी आले म्हंजी आंघोळ," ती म्हणाली. "न्हाईतर गोळी. न्हाईतर नखं काढायची. भ्या वाटतं त्यांना माझं. लेकरागत हात आखडून घेत्यात, मला कसंनुसं हुतं. तुमाला दिसलं न्हाई व्हय?"

मला दिसलं नव्हतं. मी पडदा बघत होते.

मी शीतलची माफी मागितली. तिने ती हसण्यावारी नेली आणि टॉवेल घ्यायला गेली. मी मात्र जाग्यावर बसू शकले नाही. घरभर फेऱ्या घालत राहिले. उडी म्हणजे भीती असेल, दचकणं असेल, तर मग जी गोष्ट भाऊंनी मुद्दाम लपवली आहे तिच्यापाशी त्यांचं हृदय काय करेल? आणि हेमंतदादाचं बोलणं डोक्यात घुमलं. सोबतीला मनगट धरून चाललोय. नाडी बघत.

ज्या माणसाची नाडी बघत लोक चालतात, तो माणूस काय शिकेल?

मी सकाळची सगळी नोंद पुन्हा उघडली. उड्या सोडून दिल्या. खड्डे शोधले. आणि ते होते. चालून दमलेल्या म्हाताऱ्या माणसाचं हृदय जिथे धावायला हवं तिथे ते मध्येच, काही कारण नसताना, शांत झालं होतं. नुसतं शांत नाही, आवरून धरल्यासारखं. असं बऱ्याच जागी झालं होतं, आणि सर्वांत खोल खड्डा मंगळवार तळ्याच्या पायऱ्यांवर होता. आम्ही सगळे त्या डबीवर बसून पाणी प्यायलो होतो बहुतेक.

उन्हं उतरल्यावर मी हिरकणी आणि तिचा पडदा हातात घेऊन भाऊंना पुन्हा तळ्यावर नेलं. हेमंतदादाला कळवलं नाही. शीतल वरच्या पायरीवर थांबली. भाऊ पायऱ्या उतरू लागले आणि रेष खाली जाऊ लागली, सावकाश, तालात. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. ते पलीकडच्या काठावर कपडे वाळत घातले होते तिकडे बघत होते, जसं काही त्यांना त्याच्याशिवाय दुसरं कामच नाही. नाकाने लांब श्वास घेत होते. नाव गेलं, बायको गेलेली विसरले, जेवलेलं आठवत नाही, आणि हा माणूस अजून खेळत होता.

मी खाली बसले आणि पायरीच्या मागच्या फटीत हात घातला. मातीच्या आत बोटांना गुळगुळीत झाकण लागलं. काळी, रोळाची डबी.

हातातली हिरकणी किंचाळल्यासारखी वाजली. रेष पडद्याच्या बाहेर गेली होती. भाऊ माझ्याकडे बघत होते. कितीतरी दिवसांनी सरळ माझ्याकडे. त्यांचा खालचा ओठ थरथरत होता.

"आउट?" त्यांनी विचारलं.

एवढं एकच राखलं होतं त्यांनी, आणि त्यांच्या छातीत दिवा लावून मी तेही काढून घ्यायला निघाले होते. उद्या हेमंतदादा आला असता, परवा दुसऱ्या गावचं मंडळ. भाऊ प्रत्येक गल्लीत असेच ओठ थरथरवत उभे राहिले असते. का? तर एका यादीत प्रागच्या वर राहायचं म्हणून.

"नाही भाऊ," मी म्हटलं. डबी होती तिथे सरकवली आणि हात झटकले. "इथे काही नाही. नुसती माती."

ते पुन्हा पलीकडच्या काठाकडे बघू लागले. रेष खाली यायला बराच वेळ लागला. ती येईपर्यंत मी तिथून उठले नाही.

सकाळी हेमंतदादा उत्साहात दारात हजर झाला. आज गोडोलीकडे जाऊ, म्हणाला. मी सांगितलं की हिरकणीचा भाऊंच्या बाबतीत उपयोग होत नाही. छातीला काही आठवत नाही त्यांच्या. डब्या गेल्या असं समजायचं.

"तळ्यावर गेलतीस म्हणं काल."

"फिरायला नेलं होतं त्यांना."

"सापडलं काय?"

"काय सापडणार?"

हेमंतदादाने माझं मनगट धरलं. त्याचा अंगठा बरोबर नाडीवर होता, जुनी सवय. मी हात सोडवून घेतला असता तर तिथेच कबूल झाल्यासारखं झालं असतं. मी खिडकीबाहेर शेवग्याकडे बघितलं. शेंगा बऱ्याच लागल्या होत्या. नाकाने लांब श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला.

त्याने हात सोडला. "कणशांची हायस," तो म्हणाला, आणि जिना उतरून गेला. त्याला काय कळलं ते मी आजवर विचारलेलं नाही.

महिनाअखेरीला भाऊंच्या डब्या बाद झाल्या. प्राग पहिलं, सातारा दुसरा. मंडळाने चौकात निषेधाचा फलक लावला. मला हसू आलं. कुठल्या शहरात सर्वांत जास्त डब्या आहेत हे त्या यादीला कळणं शक्यच नाही. ज्यांची खबर कुणी कळवतं तेवढ्याच ती मोजते.

रजा संपत आली. कंपनीला चाचणीचा अहवाल हवा होता, म्हणून मी पहिल्या दिवसापासूनच्या नोंदी तपासायला घेतल्या. अहवालात सुरुवातीलाच सांगावं लागतं की शून्य कुठे धरलं. प्रत्येक माणसाचं हृदय वेगळं. म्हणून तो माणूस स्वस्थ असताना एक पातळी घ्यायची, तिला शून्य म्हणायचं, आणि पुढची चढउतार तिच्यापासून मोजायची. भाऊंचं शून्य मी पहिल्याच दिवशी घेतलं होतं. पुण्याहून आल्या आल्या, त्यांच्या खाटेशेजारी बसून, हिरकणी मांडीवर ठेवून.

मांडीवर. म्हणजे मी खोलीत असताना.

इतकी वर्षं दुसऱ्यांना शिकवलेली गोष्ट आणि मीच चुकले होते. मी आले की रेष सपाट दिसणारच होती, कारण सपाट कशाला म्हणायचं ते मी स्वतः शेजारी बसून ठरवलं होतं. मी नसताना काय होतं हे मी बघितलंच नव्हतं.

मी हिरकणी भाऊंच्या खाटेजवळ ठेवली, पडदा हातात घेऊन बाहेर व्हरांड्यात गेले आणि दार लोटून घेतलं. शीतल बाजारात गेली होती. घरात आवाज नव्हता. रेष हळूहळू वर चढू लागली. उडी नव्हती ती. नुसती चढण, अस्वस्थ, वेडीवाकडी, एकट्या माणसाची. ती चढतच राहिली. मला बघवेना. मी दार उघडून आत गेले.

रेष खाली आली. सावकाश, तालात, आवरून धरल्यासारखी. मंगळवार तळ्याच्या पायऱ्यांवर आली होती बरोबर त्या पातळीला येऊन थांबली. मी दोन्ही आकडे ताडून बघितले, मग मला आकडे दिसेनासे झाले.

शास्त्र म्हणून हा पुरावा कच्चा आहे. एका माणसाचा, एका मुलीचा, त्यातून ती मुलगी मीच. अहवालात मी त्यातलं काही लिहिलं नाही. हिरकणी बंद केली, पिशवीत टाकली, आणि भाऊंच्या शेजारी खाटेवर जाऊन बसले.

भाऊ खिडकीबाहेर शेवग्याकडे बघत होते. माझ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. बघणार नव्हतेच. आपल्या डबीकडे बघायचं नसतं.